सावकाराच्या वह्या तपासणारा न्यायाधीश

न्यायमूर्ती रानडे म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पगडी, उपरणं, भव्य शरीर, शांत चेहरा. प्रार्थना समाज, सामाजिक परिषद, गोखल्यांचे गुरू. आमच्या कॉन्व्हेंटच्या इतिहासाच्या पुस्तकात तर ते एका चौकटीतच संपले होते. दोन मार्कांचा प्रश्न यायचा आणि तोसुद्धा ऑप्शनला टाकता यायचा!

पण या माणसाने सरकारी नोकरीतली बरीच वर्षं नेमकं काय काम केलं, हे मात्र कुणी सांगत नाही. ते काम होतं कर्जवसुलीच्या दाव्यांच्या फायली तपासण्याचं. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) या चार जिल्ह्यांत तालुक्यातालुक्याला जाऊन खालच्या कोर्टाने सावकार आणि कुणबी यांच्या भांडणात काय निकाल दिला, हिशेब नीट केला की नाही, हे पाहायचं. काम कंटाळवाणं, त्यात ग्लॅमर शून्य. मला रानडे आवडू लागले ते याच कामामुळे, म्हणून हा लेख.

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील तिथे मामलेदार कचेरीत कारकून होते, पुढे कोल्हापूर संस्थानात नोकरीला लागले. लहानपणी निफाडहून कोल्हापूरला जाताना रात्री हा मुलगा बैलगाडीतून खाली पडला आणि कुणाला पत्ताच लागला नाही. मागून घोड्यावरून येणाऱ्या काकांना तो रस्त्यात सापडला, अशी गोष्ट सांगतात. मुलगा अबोल होता. घरच्यांना वाटे, हा जरा मंदच दिसतोय. मग मंद वाटणारा हा मुलगा मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेला, १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिलीवहिली मॅट्रिक पास झाला, १८६२ ला बी.ए.च्या पहिल्या तुकडीत आला, १८६४ ला एम.ए. आणि १८६६ ला एल.एल.बी. झाला. वाचून वाचून डोळे कायमचे अधू करून घेतले. एका पेपरात मराठी राज्याची तुलना इंग्रजी राज्याशी करून इंग्रजांना कमी मार्क दिले म्हणून प्रिन्सिपॉलसाहेबांनी सहा महिने स्कॉलरशिप बंद केली. पेपरात मनातलं लिहायची हौस असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१८७१ साली ते पुण्यात न्यायाधीश म्हणून आले. आदल्याच वर्षी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी सार्वजनिक सभा काढली होती. काका आणि रानडे ही जोडी जमली. काका धावपळ करणारे, रानडे खोलीत बसून कागद तयार करणारे. सभेने खेड्यापाड्यांतून शेतसाऱ्याची माहिती गोळा केली आणि सरकारपुढे मांडली. सरकारी नोकर असून रानडे हे करत होते.

आता त्या वेळी दख्खनच्या शेतकऱ्याची काय दशा होती ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सारा रोख भरायचा, ठरलेल्या हप्त्याला भरायचा, पाऊस पडो न पडो. पैसे नसले की सावकार. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकार बोलावून बोलावून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची नवी आकारणी सुरू झाली आणि इंदापूरसारख्या तालुक्यात सारा एकदम वाढला. आमदनी घटली, देणं वाढलं.

आणि इथे एक फार मजेशीर (खरं तर भयंकर) गोष्ट आहे. १८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या कर्जखतावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर दावा बाद. हेतू चांगला होता, जुनी जुनी खतं उकरून काढून कुणाला छळू नये. सावकारांनी काय केलं? दर तीन वर्षांनी कुणब्याला बोलवायचं, मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवं खत लिहून घ्यायचं, खाली त्याची नांगराची निशाणी. म्हणजे व्याजाचं मुद्दल झालं. आपण इंजिनिअरिंगवाले, जरा आकडे टाकून बघू. शंभर रुपये, दरसाल दरशेकडा चोवीस. तीन वर्षांनी १७२ चं खत. सहा वर्षांनी २९६. नऊ वर्षांनी ५०९. बारा वर्षांनी ८७५! आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही, शंभराचे फार तर दोनशे. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवं होत असेल तर दामदुप्पट लावणार कशाला? कर्जदाराच्या रक्षणासाठी केलेला कायदा त्याच्याच गळ्याला फास झाला. मी हे गणित रफ वहीत केलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं.

वसुलीची तऱ्हाही बघा. सावकार कोर्टात दावा लावायचा, शेतकऱ्याला समन्स मिळाला की नाही हे देव जाणे, मिळाला तरी दिवसभराची वाट तुडवून तालुक्याला जायचं, वकील कुठून आणायचा? बहुतेक निकाल एकतर्फी. एकदा हुकूमनामा हातात आला की सावकार लगेच जप्ती आणायचाच असं नाही. तो हुकूमनामा घरी ठेवून द्यायचा आणि त्याच्या धाकाने राबवून घ्यायचा. नवं खत लिहून दे, नाहीतर वॉरंट काढतो. कर्जासाठी दिवाणी तुरुंगात टाकता येत होतं, कैद्याच्या जेवणाचा भत्ता सावकाराने भरायचा एवढंच. तुरुंगात टाकण्यापेक्षा तुरुंगाची भीती जास्त कामाची होती.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावात १८७४ च्या शेवटी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यावर गावातल्या देशमुखाचं घर पाडायला घेतलं आणि गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजाराच्या दिवशी भडका उडाला. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत लोक सावकाराच्या दारात गेले. बहुतेक ठिकाणी त्यांनी मागितलं काय? खतं आणि वह्या. मिळाल्या की जाळल्या. माणसं मारण्यात त्यांना रस नव्हता, त्यांना कागद नष्ट करायचा होता. अक्षर न येणाऱ्या माणसांना आपला शत्रू कोण हे बरोबर कळलं होतं! सरकारने पकडापकड केली, कमिशन नेमलं. मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, त्यातही सावकारांचे वाडे लुटले गेले.

रानड्यांवर या सगळ्याची झळ वेगळ्याच तऱ्हेने आली. सरकारला वाटू लागलं की पुण्यातल्या शिकलेल्या ब्राह्मणांचीच फडक्यांना फूस आहे. रानड्यांची १८७८ मध्ये नाशिकला बदली झालेली होतीच. मे १८७९ मध्ये पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा जळाले आणि त्यांना घाईघाईने आणखी लांब, धुळ्याला धाडलं. तिथे त्यांची पत्रं फोडून वाचली जात होती. रानड्यांना हे कळत होतं आणि ते शांत होते. माझ्यासारखीने राजीनामा फेकला असता. त्यांनी फायली वाचल्या.

त्यांच्या खासगी आयुष्यातली एक गोष्ट इथे लपवणं बरोबर नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे रानडे, १८७३ साली पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्या काळीही लोक हसले, आजही वाचताना राग येतो. त्या मुलीला, रमाबाईंना, त्यांनी शिकवलं, घरातल्या बायकांचा विरोध असताना शिकवलं, हेही खरं. एकाने दुसऱ्याची वजाबाकी होते असं मला वाटत नाही. दोन्ही नोंदी वहीत राहू देत.

असो. १८७९ साली सरकारने १७ क्रमांकाचा कायदा केला. दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा, वर सांगितलेल्या चार जिल्ह्यांपुरता. तो वाचून मी थक्क झाले. यात असं होतं की न्यायाधीशाने नुसतं खतावरचा आकडा बघून निकाल द्यायचा नाही. प्रतिवादीला बोलावून तपासायचं आणि कर्जाच्या मुळापर्यंत जायचं. पहिल्यांदा रोख किती दिले? मग किती भरले? मुद्दल वेगळं, व्याज वेगळं मांडा. मधल्या नव्या नव्या खतांना भुलू नका. शेतकऱ्याला कर्जासाठी तुरुंगात टाकणं बंद. खास गहाण ठेवली नसेल तर त्याची जमीन साध्या हुकूमनाम्यात विकता येणार नाही. खत गावच्या रजिस्ट्रारसमोरच लिहायचं. पैसे भरले की पावती द्यायचीच. दावा लावायची मुदतही वाढवली, म्हणजे तीन वर्षांनी खत फिरवण्याचं निमित्त गेलं. समेट करणारे पंच, गावपातळीवर मुन्सफ, सगळं होतं. दीडशे वर्षांपूर्वी!

पण कायदा कोण राबवणार? तेच मुन्सफ, ज्यांना वर्षानुवर्षं खत पाहून दहा मिनिटांत निकाल द्यायची सवय. मुळापासून हिशेब करायचा म्हणजे एकेका दाव्याला वेळ लागणार. त्यात या दाव्यांत नेहमीसारखं अपील ठेवलेलं नव्हतं. म्हणून एक खास न्यायाधीश नेमला. त्याने फिरायचं, निकाल मागवायचे, चुकला असेल तर दुरुस्त करायचा. पहिले डॉ. पोलन नावाचे साहेब होते. १८८१ मध्ये मुंबईला काही महिने मॅजिस्ट्रेट म्हणून काढल्यावर रानडे त्यांचे मदतनीस झाले. मधे पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टात बसले, तिथेही बारीकसारीक देण्याघेण्याचेच दावे. १८८७ मध्ये पोलनसाहेबांच्या जागी रानडेच खास न्यायाधीश झाले आणि १८९३ पर्यंत ते काम त्यांनी केलं.

हे दौरे कसे असतील याचा विचार मी पुष्कळदा करते. तालुक्याचं गाव, कचेरी, कागदांचे गठ्ठे, मोडी लिपीतल्या सावकारी वह्या. यांचे डोळे अधू, त्यामुळे वाचून दाखवायला माणूस लागायचा. रमाबाई बरोबर असत. संध्याकाळी गावातले लोक भेटायला येत, मुलींची शाळा काढा, वाचनालय काढा अशी बोलणी होत. पण सकाळी गठ्ठे! एखाद्या कुणब्याच्या १८६८ सालच्या चाळीस रुपयांचं पुढे काय झालं, ते चाळीसच होते की पंचवीस देऊन चाळीस लिहून घेतले होते, हे शोधायचं. एवढा विद्वान माणूस, ज्याने अर्थशास्त्रावर निबंध लिहिले, काँग्रेसच्या जन्माच्या वेळी हजर होता, तो चाळीस रुपयांसाठी बसतो. मला हे फार मोठं वाटतं.

का वाटतं ते सांगते. मागच्या वर्षी आमच्या विंगमधल्या एका मुलीने मोबाईलवरच्या एका ॲपमधून तीन हजार रुपये घेतले. हातात आले त्याहून कमी, फी म्हणून आधीच कापलेले (पंचवीस देऊन चाळीस लिहून घ्यायची ही नवी आवृत्ती). आठवड्याने फोन सुरू झाले. रात्री अकराला, पहाटे सहाला. मग तिच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज गेले, मामाला, जुन्या टीचरना, मेसच्या काकांनासुद्धा, की ही मुलगी चोर आहे. ती चार दिवस खोलीबाहेर आली नाही. आता नियम काय आहेत? रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्येच सांगितलंय की वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम आले, ॲपने फोनमधली नंबरांची यादी बघायचीच नाही. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा, नवा २०१९ चा. सगळं आहे! आम्ही तक्रार केली, नंबर मिळाला, स्क्रीनशॉट जोडले. काही महिन्यांनी तक्रार निकाली काढल्याचा मेसेज आला. कुणी एक फोन करून तिला विचारलं नाही की नेमकं काय झालं, किती घेतले, किती भरले. ॲपचं नाव बदललं आणि पुन्हा सुरू.

म्हणजे १८७९ चा कायदा आणि हे नियम, कागद दोन्हीकडे उत्तम. फरक कुठे पडतो? गठ्ठा उघडून बघणाऱ्या माणसात.

मात्र रानड्यांना सावकारांचा कर्दनकाळ वगैरे करून टाकायची गरज नाही, ते तसे नव्हते. सावकार दुष्ट आहेत म्हणून शेतकरी बुडतो, असं सोपं उत्तर त्यांना मान्य नव्हतं. सावकाराशिवाय शेतकऱ्याला बी-बियाण्याला पैसे देणारं दुसरं आहे कोण? कायद्याने सावकाराचे हात बांधले तर तो कर्ज देणंच आखडता घेईल, आणि काही प्रमाणात तसं झालंही. म्हणून त्यांचा सगळा भर स्वस्त आणि सरळ कर्ज मिळण्याच्या व्यवस्थेवर होता. विल्यम वेडरबर्न या इंग्रज न्यायाधीशाने पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची योजना मांडली, रानडे तिच्या बाजूने होते. हिंदुस्थान सरकारने होकार दिला, लंडनला १८८७ मध्ये फेटाळली गेली. रानडे तरी थांबले नाहीत, युरोपातल्या देशांनी जमिनीच्या तारणावर कर्ज देणाऱ्या बँका कशा उभ्या केल्या त्यावर १८९१ मध्ये लांबलचक निबंध वाचला. वाचला कुठे? पुण्याच्या औद्योगिक परिषदेत. ही परिषद आदल्या वर्षीच सुरू झाली होती, कारखाने, तंत्रशिक्षण यांच्यावर बोलण्यासाठी. आपल्या धंद्याशी रानड्यांचं नातं आहे ते असं.

त्यांची एक बाजू मला पटत नाही तीही सांगते. जमीन सगळ्यांकडेच राहणं शक्य नाही, काही थोडे भांडवलवाले जमीनदार होणार आणि बाकीचे लहान राहणार, हे जणू निसर्गाचंच चालणं आहे, अशा अर्थाचं ते लिहितात. चाळीस रुपयांच्या दाव्यात डोकं घालणारा माणूस निबंध लिहायला बसला की इतका लांबून कसा बघतो? कदाचित दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात राहू शकतात.

आणि सावकार? त्यांनी वाट काढलीच. नव्या कायद्याने गहाणखतामागचा खरा हिशेब कोर्ट बघू शकत होतं. मग गहाणखत लिहायचंच नाही, सरळ खरेदीखत! कागदावर जमीन विकली, तोंडी वचन की पैसे परत केलेस की जमीन परत देईन. लेखी कागदाविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, त्यामुळे कोर्टाचे हात बांधले गेले. रानड्यांच्या मृत्यूनंतर कायद्यात दुरुस्ती करून, खरेदीखत हे मुळात गहाणच होतं का, हे बघायची मुभा कोर्टाला द्यावी लागली. आपल्या महाराष्ट्रात २०१४ साली सावकारीचा नवा कायदा झाला, त्यातही सावकाराने अशा खरेदीखताने घेतलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायची तरतूद आहे. म्हणजे ही युक्ती अजून जिवंत आहे.

१८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. पुण्याने वाजतगाजत निरोप दिला. दौरे संपले, बंगला आला, मोठमोठे खटले आले. शेवटची काही वर्षं तब्येत साथ देत नव्हती, तरी सामाजिक परिषद, भाषणं, मराठ्यांच्या इतिहासावरचं पुस्तक (१९००) हे चालूच. १६ जानेवारी १९०१ ला रात्री ते गेले. एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर होता.

रमाबाईंनी पुढे पुण्यात सेवासदन उभं केलं आणि १९१० साली आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी'. त्यात धुळ्याच्या फोडलेल्या पत्रांची हकीकत आहे, दौऱ्यांची आहे. भाषा जुनी आहे, माझ्यासारखीला पहिली वीस पानं जड गेली, मग सवय झाली. आपल्या लायब्ररीत मराठीच्या कपाटात अगदी खालच्या कप्प्यात आहे, सध्या माझ्या नावावर आहे, सोमवारी परत करते.